उतरवलेली झोळी

आमच्या शाळेत खिचडी पोरांच्या ताटात पडण्याआधी एका शिक्षकानं ती खाऊन पाहायची, असा नियम होता. त्यासाठी एक वही होती, चव नोंदवही. तारीख, पदार्थ, चव कशी, सही. हे काम कोणालाच नको असायचं, म्हणून ते विज्ञानाच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. स्वयंपाकाची मावशी घासभर खिचडी वाटीत घालून आणायची आणि मी खाईपर्यंत पदर खोचून समोर उभी राहायची. मी 'उत्तम' लिहायचे. बारा वर्षांत मी त्या रकान्यात दुसरा शब्द लिहिला नाही. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मी ती खिचडी खाल्लीही नाही. तास चालू असायचा, मावशी दारातून वही पुढे करायची, मी सही ठोकायचे. मावशीच्या हातच्या खिचडीला चाखून बघायची गरज नव्हती.

शाळा बाभुळगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. खाजगी संस्थेची. संस्थेच्या अध्यक्षांचं कपाशीचं वावर शाळेच्या भिंतीला चिकटून होतं, मध्ये फक्त एक बांध आणि त्यावर एक जुना निंब. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ते वावर पार टोकापर्यंत दिसायचं. बोंडअळीची ती वर्षं. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही असं छापलेलं असायचं, पण अळीला वाचता येत नसावं. मग फवारे वाढले. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं औषध मिसळून लोक मारू लागले. माणसं वावरात भोवळ येऊन पडायची. यवतमाळच्या दवाखान्यातून डोळ्यांवर पट्टी बांधून परतलेली माणसं एसटीत आमच्या शेजारी बसलेली असायची आणि आम्ही सरकून जागा द्यायचो. यापलीकडे आम्ही काही करत नव्हतो.

मावशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तांड्यातली पोरं तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची, आम्ही मावशी. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली ती तिथंच राहिली, कारण जावई पुण्याकडे बांधकामावर. आठ महिन्यांची नात घेऊन ती अध्यक्षांच्या वावरात निंदायला, तण काढायला जायची. लुगड्याची झोळी निंबाला टांगायची, लेकराला आत घालायची आणि कपाशीच्या ओळींत उतरायची. मी वर्गात पाठ शिकवता शिकवता ती झोळी हलताना पाहायचे.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी 'रोबो पाहिजे' असं फर्मान निघालं. आमच्याकडे संगणक शिकवणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणते, पण दोन लेकरांची आई. सात वर्षं विनाअनुदानित तुकडीवर राबत होती, मान्यतेचा कागद काही येत नव्हता. आम्ही दोघी रोज यवतमाळहून एकाच एसटीनं यायचो, एकाच बाकावर बसायचो, एकाच डब्यात जेवायचो. तिच्या लिंबाच्या लोणच्यासाठी मी माझी भाजी सोडायचे. ती मला ताई म्हणायची, आणि मला सख्खी बहीण नाही हे मी तिच्यापायी विसरून गेले होते. प्रोग्राम लिहायचं काम तिचं, बाकी उपद्व्याप माझे.

बाभुळगावात मोबाइल आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी कुठून तरी एक पडदा मागवून दिला. काड्यापेटीपेक्षा लहान. आडवे एकशे अठ्ठावीस ठिपके, उभे चौसष्ट. ठिपका एकतर पांढरा पेटेल नाहीतर काळा राहील, तिसरा रंग नाही. चार तारा जोडून देताना चाचा म्हणाले, "बाई, इसमें पिक्चर मत देखना, आँख जाएगी." पोरांच्या खेळण्यातल्या ट्रकची चाकं, त्यावर प्लास्टिकचा जेवणाचा डबा, डब्याला खिडकी कापून हा पडदा. झाला रोबो. दोन फरश्यांवरून पुढे जायचा, थांबायचा, वळायचा, परत यायचा.

त्याला करायला काय द्यायचं, हा प्रश्न होता. मीच म्हटलं, फवारणी झालेल्या वावराच्या बांधावर उभं करू आणि बायकांना सांगू, आत जाऊ नका. सगळ्यांना पटलं. मी झोकात वाक्य तयार केलं : 'फवारणी झाली आहे. शेतात प्रवेश करू नये.' पडद्यावर नुसत्या चौकटींची रांग उमटली. त्या पडद्याला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. मग एकेक मराठी अक्षर चित्र म्हणून काढायचं ठरलं. आलेखाच्या कागदावर चौकटी भरायच्या. 'फवारणी' एवढ्या शब्दासाठी मी दोन दिवस डोळे फोडले. वेलांटी एकदा 'र'वर जाऊन बसली, एकदा पार गायब झाली. शेवटी शब्द उमटला तेव्हा मी पोरीसारखी नाचले.

मावशी वाटी घेऊन आली होती. तिनं डब्यात डोकावून पाहिलं.

"हे काय हाय, मॅडम?"

मी वाचून दाखवलं.

"ज्यायले वाचता येते," ती म्हणाली, "थ्या कुठं निंदाले येते?"

मला राग आला. राग मला चटकन येतो, आणि समोरचा बरोबर असला की जास्तच येतो. मी वाटीतली खिचडी न खाताच सही केली.

मग चित्राच्या मागे लागले. औषधाच्या डब्यावर असतो तसा तिकोन काढला. डब्यावर तो लाल असतो, पिवळा असतो, त्यावरून विष किती जहाल ते कळतं. आमच्या पडद्यावर पांढरा. मावशीनं सुटी झाल्यावर निंदणाऱ्या चार बायकांना बोलावलं. तिकोन पाहून त्या एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. एक म्हणाली, "हे तं दोनच लेकरं बस, थे हाय." कुटुंब नियोजनाचा तिकोन त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर जन्मभर पाहिलेला. मी तिकोन पुसला आणि कवटी काढली, दोन हाडं फुलीसारखी. त्यांचं एकमत झालं की ही विजेच्या डीपीवरची खोपडी आहे आणि डब्यात करंट आहे. त्या डब्यापासून चार हात दूर उभ्या राहिल्या, वावरात मात्र खुशाल गेल्या असत्या.

"तुमी सांगा मग," मी वैतागून म्हटलं. "वावरात जायचं नाही हे कशावरून कळेल?"

बायका मावशीकडे पाहू लागल्या. मावशी म्हणाली, "झोळी उतरोली का समजते. ज्या वावरात झोळी टांगता येत नाई, त्या वावरात बाई जात नाई."

सोपं होतं. निंब, आणि खाली गुंडाळून ठेवलेली झोळी : आत येऊ नका. निंब, आणि टांगलेली झोळी : या.

मी पेन्सिल उचलली तर तिनं कागदच माझ्या हातून ओढून घेतला. कांचळीवर, त्यांच्या चोळीवर, भरतकाम करताना तिला कापडाचे धागे मोजायची सवय होती. आलेखाचा कागद तिला नवा नव्हताच. "हे तं आमचंच हाय," म्हणाली. "घरं मोजाची अन् भराची." मी आधी बाहेरची रेघ काढून मग आत भरायचे. ती मधल्या घरापासून सुरुवात करायची आणि ओठांत मोजत बाहेर सरकायची. खोडरबर तिनं मागितलं नाही. पडदा रुंद आणि बुटका, म्हणून निंबही बुटका झाला. त्याबद्दल तिनं मलाच बोल लावला, "झाडापरीस थोर जागा काहून नाई घेतली?" आठवडाभर खिचडीची भांडी घासून झाली की ती माझ्या टेबलाशी बसायची. पहिल्यांदा कोणी तिला खुर्चीवर बसवत होतं, आणि ती अर्ध्याच खुर्चीवर बसायची.

तिनं भरलेल्या घरांचे आकडे करायचं काम माझं. आठ घरांचा मिळून एक आकडा. पहिलं घर भरलेलं असेल तर एक, दुसरं तर दोन, तिसरं तर चार, असं दुप्पट करत एकशे अठ्ठावीसपर्यंत, आणि मग बेरीज. एका चित्राचे असे हजारावर आकडे. मी ते आडवे मोजले. पडदा आठ-आठ घरं उभी वाचतो, हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा चित्र लावलं तेव्हा निंबाच्या चिंध्या झाल्या. मावशीनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माह्या हातचं नाई हे." मी मुकाट्यानं सगळे आकडे पुन्हा केले.

दुसऱ्यांदा निंब उमटला. काळ्या पडद्यावर पांढरा, पानांच्या जागी तिच्या भरतकामातले टाके, आणि खोडाशी गुंडाळलेली झोळी. संगणकाच्या बाईंनी बटण दाबलं तशी झोळी वर गेली आणि फांदीला लटकली. मावशीनं पदर तोंडावर धरला. मग पदर काढून तिनं मला एकच गोष्ट सांगितली.

"मॅडम, माही पोरगी त्याच वावरात जाते, लेकरू घेऊन. याले खोटं नोको बोलू द्या."

"माझ्यावर सोड," मी म्हटलं.

औषधाच्या चिठ्ठ्या वाचून आम्ही तीन दिवस ठरवले होते. फवारणारा गडी काम झालं की डब्याचं बटण दाबणार, तीन दिवस झोळी खाली राहणार, मग आपोआप वर जाणार. अध्यक्षांनी आनंदानं परवानगी दिली. बांधावर फरश्या टाकल्या, वर पत्र्याचं छप्पर केलं, वर्तमानपत्रात फोटो छापून आणला. बायका त्याला डबाच म्हणायच्या. सकाळी येतानाच एकमेकींना विचारायच्या, "डबा काय म्हनते?" झोळी खाली दिसली की दुसऱ्याच्या वावराकडे वळायच्या. महिनाभर हे चाललं. यवतमाळच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. फलकावर मार्गदर्शक म्हणून आम्हा दोघींची नावं होती. मावशीचं नाव घालावं हे मला प्रदर्शन संपून एसटीत बसल्यावर सुचलं. ही माझी लबाडी नव्हती, पण विसरणं तरी काय कमी असतं.

मग पाऊस लागून बसला. अध्यक्षांच्या वावरात गवत माजलं. उघडीप मिळाली की फवारा, फवारा झाला की तीन दिवस बायका बांधावरून परत, तोवर पुन्हा पाऊस. एका मंगळवारी सकाळीच फवारणी झाली. मला तो दिवस पक्का आठवतो, कारण वर्गात वास यायला लागला म्हणून मी स्वतः उठून खिडक्या लावल्या होत्या.

बुधवारी दुपारी मी खिडकी उघडली तर वावरात बायका. निंबाला झोळी. मी खिडकीतून वाकून खालच्या बांधावरच्या डब्याकडे पाहिलं. पडद्यावरही झोळी टांगलेली. काल मी नाक दाबून खिडक्या लावल्या, आणि आज पडदा सांगतोय की तीन दिवस झाले. तरी मला वाटलं, माझीच गफलत झाली असेल, वास पलीकडच्या वावरातला असेल. माझ्या नाकापेक्षा मी त्या डब्यावर जास्त विश्वास ठेवला. मावशी दारात वही घेऊन उभी होती. मी सही केली आणि फळ्याकडे वळले.

तीनच्या सुमाराला आरडाओरडा झाला. मावशीची मुलगी बांधावर बसून ओकत होती, डोळे चोळत होती, तिला काही दिसत नव्हतं. लेकराच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ते रडतही नव्हतं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं. अध्यक्षांच्याच गाडीत घालून दोघींना यवतमाळला नेलं. गाडीत चढताना मावशीनं एकदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, डब्याकडे.

मला वाटलं, पावसात भिजून यंत्र बिघडलं. संगणकाच्या बाई 'डोकं दुखतंय' म्हणून लवकर निघून गेल्या होत्या. मी शाळेच्या संगणकावर तिचा प्रोग्राम उघडला. मला त्यातलं फारसं काही कळायचं नाही, पण तासांची ओळ मला माहीत होती, कारण आम्ही ती दोघींनी बसून लिहिली होती. बहात्तरच्या जागी चोवीस होतं. आणि त्याच ओळीच्या शेवटी, मी सांगितलेली आणि तिनं इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेली टीप अजून तशीच होती : तीन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टँडवर आमच्या नेहमीच्या बाकावर बसली होती. मी उभीच राहिले.

"ताई," ती म्हणाली, "अध्यक्षसाहेब नुसते म्हणाले, की एक आकडा तं बदलाचा आहे. माझा प्रस्ताव त्यायच्याच टेबलावर आहे. सात वर्षं झाले."

"मले काहून नाही विचारलं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. ती रडत होती. एरवी तिचं डोळ्यात पाणी आलेलं मला पाहवलं नसतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी लहानपणी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला त्या बाकापाशी कळला. ती रोज माझ्या ताटात जेवलेली होती, मावशीच्या मुलीचं लेकरू तिनं कडेवर खेळवलेलं होतं, आणि चोवीस लिहून झाल्यावरही मंगळवारी दुपारी तिनं मला लोणच्याची फोड वाढली होती. ती फोड मी आवडीनं खाल्ली होती. त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर बसू लागले.

शाळेत सभा झाली. अध्यक्ष हळहळले. "मशीन हाय शेवटी, चुकते कधीमधी," म्हणाले. मी उठून म्हटलं, "मशीन चुकलं नाही. आकडा बदलला आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून ते इथं दोघांना माहीत आहे." सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण मी हौसेनं उभं केलं होतं. अध्यक्षांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. थोड्या वेळानं इतिवृत्ताची वही फिरत फिरत माझ्यापुढे आली. त्यात लिहिलं होतं, 'रोबोमध्ये तांत्रिक बिघाड झाला.' शेजारी जागा आखून ठेवलेली होती. मी सही केली.

का केली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती होती म्हणावं, तर दोन मिनिटांपूर्वी मी सर्वांसमोर बोलले होते. वही समोर आली की सही करायची, एवढीच माझ्या हाताला सवय होती.

लेकरू वाचलं. मुलीचीही नजर आली, पण उन्हात गेली की डोळ्यांतून पाणी गळायचं. ती पुन्हा त्या वावरात गेली नाही. डबा मी काढून आणला आणि प्रयोगशाळेच्या कपाटात कोंबला. दहा-बारा दिवसांनी मावशी कामावर आली. मी तिच्याकडे जाऊन सगळं सांगायचं ठरवलं होतं. आकडा कोणी बदलला, कोणासाठी बदलला, मी सभेत काय बोलले. वाक्यं जुळवून ठेवली होती. इतिवृत्तातली सही तेवढी त्यांत नव्हती.

साडेअकराला ती वाटी घेऊन आली. एका हातात वही. मी त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली. खिचडीला मीठ कमी होतं, किंवा माझ्याच तोंडाची चव गेली होती. मग वही ओढली, तारीख टाकली, सही केली, आणि 'चव कशी' या रकान्यात माझा हात चालेना. तो रिकामा सोडून मी वही मिटायला लागले.

तिनं बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण घरं मोजता यायची.

"हे घर रिकामं रायलं, मॅडम."

"मावशी, मला तुझ्याशी..."

"समदं समजलं मले. थ्या मॅडम तांड्यावर येऊन रडून गेल्या." तिचा आवाज चढलेला नव्हता. "थ्यायनं आकडा बदलोला. साहेबानं सांगतलं. पन चित्र माह्या हातचं होतं. माह्या पोरीनं पाहताच वयखलं. म्हने, याडीनं काढेल हाय, खोटं कसं राहीन."

तिनं पेन उचलून माझ्या हातात दिलं.

"लिवा. आमचं रोज पाहून लिवता, खाऊन लिवता. बारा वर्षं झाले. मंग तुमच्या डब्याची चव कोनं घेतलती, थे सांगा मले."

मी 'उत्तम' लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते.

"माह्या पोरीनं," ती म्हणाली आणि रिकामी वाटी उचलून पोरांना वाढायला गेली.